तिष्ठत

३ ऑगस्ट, रविवार

पाठटाचण काढायची सवय इतकी जुनी आहे की शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी शिकवून आल्यावर चार ओळी लिहिल्याशिवाय मला बरं वाटत नाही. कल्याणजवळ मोहन्याच्या बुद्धविहारात रविवारचा पाली वर्ग घ्यायला लागल्यापासून पुन्हा लिहिते आहे.

आज 'ठा' धातू घेतला. पालीत ठा, संस्कृतात स्था, अर्थ उभं राहणं. फळ्यावर 'ठाणे' लिहिलं आणि विचारलं, हे नाव कुठून आलं असेल? स्थान, ठाण, ठाणं असं उलगडून दाखवल्यावर सगळे खूश. मग स्थिर, स्थावर, संस्था, अवस्था. एका धातूचा केवढा पसारा. नंतर 'संसार' लिहिला. संसार म्हणजे काय विचारल्यावर बायका म्हणाल्या, भांडीकुंडी, गॅस, मुलंबाळं. मी म्हटलं, यातला धातू सृ आहे. सरकणं, वाहणं. जे आपण मांडून ठेवलंय असं समजतो त्या शब्दाच्या पोटात वाहणं आहे. वर्ग एकदम गप्प झाला. शिकवताना असा गप्पपणा मिळाला की तो मला आठवडाभर पुरतो.

वर्ग संपत आला तेव्हा प्रशांत घराची किल्ली द्यायला आले होते. (तोंडाने मी नवऱ्याचं नाव घेत नाही, 'अहो' म्हणते. पण लिहिताना 'हे' आणि 'ते' करत बसलं की माझाच गोंधळ होतो, म्हणून इथे नाव लिहिते.) विहाराच्या दारात उभे राहिले ते राहिलेच. आत येईनात, मागे जाईनात. पाली म्हटलं की हसणारा हा माणूस दारात उभं राहून ऐकतोय हे पाहून मी जरा जास्तच रंगात येऊन शिकवलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज सकाळी फार चिडले.

मूळ भांडण मृणालवरून आहे. आमची एकुलती एक मुलगी ठाण्यात बाळकुमला अठराव्या मजल्यावर राहते. जावई बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रात. ती दोन वर्षं म्हणतेय, तुम्ही दोघं इकडेच या. प्रशांत एका पायावर तयार. मी नाही म्हणते. रेयॉनची कंपनी चालू होती तेव्हापासूनची ही बैठी चाळ, शेजारी हौसाबाई, समोर विहार. कंपनी बंद पडली, प्रशांतची फिटरची नोकरी गेली, नंतर त्यांनी कल्याणच्या एका सोसायटीत पंप चालवले, एवढं सगळं या दोन खोल्यांत निभावलं. आता उठून कुठे जायचं?

बाजारात जायला निघालो. मी गल्लीत पोचले आणि मागे पाहिलं तर हे उंबऱ्याच्या आत.

"अहो, चला ना."

"येतोय."

"येतोय म्हणता आणि उभेच."

"पाय…" एवढं बोलले आणि गप्प झाले. माझ्याकडे बघेनातसुद्धा, खाली जमिनीकडे नजर. मी म्हटलं, बाळकुमला नाही म्हटल्याचा राग असा काढायचा असेल तर काढा. आणि एकटीच गेले. परत आले तर हे उंबऱ्याशेजारी भिंतीला टेकून खाली बसलेले, शर्ट घामाने भिजलेला. रागाने माणसाला एवढा घाम येतो हे मला माहीत नव्हतं.

२४ ऑगस्ट, रविवार

वर्गात मन नव्हतं.

हौसाबाई नळावर म्हणाली, "शालन, भाऊ आता हसत न्हाईत गं. म्या कायबी बोलले तरी चेहरा तसाच." मी म्हटलं, वय झालं. पण घरी येऊन नीट पाहिलं. खरंच चेहरा तसाच. चहा ठेवला तर म्हणाले, "छान झालाय," आणि तोंडावरची एक रेघ हलली नाही. शर्टाची बटणं लावायला इतका वेळ घेतात की मी जाऊन लावून टाकते. आवाजही आतल्या आत गेलाय. आधी मला वाटायचं मुद्दाम हळू बोलतात, मी कान पुढे करावा म्हणून.

ज्यांच्याबरोबर चालताना मी आयुष्यभर धापा टाकल्या, ज्यांना कंपनीतले लोक 'एक्स्प्रेस' म्हणायचे, ते काल स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायला भिंतीला हात लावत आले.

आता मला राग येत नाही. राग होता ते बरं होतं.

३ सप्टेंबर, बुधवार

कल्याणला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी यांना नुसतं चालायला लावलं. तिकडे जा, वळा, परत या. जाताना ठीक गेले. वळायची वेळ आली तेव्हा जमिनीवर पाय घासत, तुकड्या तुकड्याने, अख्खं शरीर एकदम फिरवत वळले. डावा हात शरीराला चिकटलेला. हे मी घरात रोज बघत होते आणि मला दिसलंच नव्हतं.

"पार्किन्सन्स," डॉक्टर म्हणाले. "आपल्याकडे कंपवात म्हणतात."

मी म्हटलं, "पण यांना कंप नाही हो. हात अजिबात थरथरत नाही."

"सगळ्यांना कंप नसतो, बाई. काहींना थरथर असते, काहींना थिजणं असतं. दारात, वळताना, गर्दीत पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मेंदू सांगतो, पाय ऐकत नाहीत." पुढे म्हणाले, बरा होणार नाही, पण गोळ्यांनी आणि व्यायामाने पुष्कळ वर्षं चांगली जातील. आणि तीनतीनदा म्हणाले, "यांना बसवून ठेवू नका."

म्हणजे बाजाराच्या दिवशी ते रुसले नव्हते. मी गेले तेव्हा तिथे अडकले होते. आणि विहाराच्या दारातही.

शेजारच्या खोलीत पायल नावाची फिजिओथेरपिस्ट आहे, तिशीतली असेल. तिने यांना जमिनीवर चिकटवलेल्या पट्ट्यांवरून चालवलं. मला वेगळं सांगितलं, "काकू, काका थिजले की ओढायचं नाही. 'चला, चला' करत घाईही करायची नाही. उभं राहू द्या. वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या. मग ताल द्या. एक-दोन म्हणा, गाणं म्हणा, टाळ्या वाजवा. ताल असला की पाय ऐकतात."

रिक्षात प्रशांत एवढंच बोलले, "नाव तरी कळलं."

मला त्या नावाने धडकी भरली होती. ते मात्र रेल्वेच्या खिडकीशी बसल्यासारखे बाहेर बघत होते.

१४ सप्टेंबर, रविवार

शब्द मला आजवर कधी भ्यायचे विषय वाटले नव्हते. आता वाटतात.

'थांब' हा शब्द स्तम्भ धातूतून येतो. त्याच घरातला खांब, स्तंभ आणि स्तब्ध. हे मी पंचवीस वर्षं मुलांना शिकवलं. दिवसभरात मी यांना किती वेळा 'थांबा' म्हणते ते काल माझ्या लक्षात आलं. थांबा, मी आणते. थांबा, पाणी सांडलंय. थांबा, एकटे जाऊ नका. आणि प्रत्येक वेळी ते खांब होतात. मग मी घाबरते आणि पुन्हा म्हणते, थांबा.

आज वर्गात एका नव्या मुलीने विचारलं, "मॅडम, आपण सरणं गच्छामि म्हणतो. पण मराठीत सरण म्हणजे चिता ना?" मी समजावलं, पालीतलं सरण म्हणजे शरण, आसरा. दोन वेगळे शब्द, आवाज एक. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या हातातला खडू मात्र खाली पडला. घरी येऊन यांना झोपलेलं पाहिलं, हात छातीवर, चेहरा तसाच दगडासारखा, आणि मी जवळ जाऊन श्वास चालू आहे का ते बघितलं. हे मी आता रोज करते.

यांच्या नावाचाही अर्थ काढून पाहिला. प्रशांत, धातू शम्. शांत होणं. शमणं. आगही शमते. पण कोशात जुन्यात जुना अर्थ वेगळाच दिलाय, राबणं, कष्टाने दमणं. राबून राबून दमलं की थांबणं, मग शांत होणं, अशी त्या धातूची चाल. सासूबाईंनी हे सगळं बघून नाव ठेवलं नव्हतं. तरी कोश मिटून ठेवला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार, बाळकुम

काल जे झालं ते लिहिताना हात थरथरतो. माझा.

मृणालने ठाण्यातल्या एका तज्ज्ञाची वेळ घेतली होती. ऑफिसमधून ती परस्पर येणार होती आणि आम्ही ठाणे स्टेशनवरून रिक्षाने. टेंभी नाक्यावर नवरात्रातल्या देवीची गर्दी असणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रस्ता बंद होता. रिक्षावाला म्हणाला, मावशी, इथून पुढे पायी जा, पाच मिनिटांचं काम. उतरलो. बायका, पोरं, फुलवाले, पोलिसांच्या दोऱ्या, लाउडस्पीकर. मी यांचा हात घट्ट धरला. पहिला रस्ता नीट ओलांडला. दुसरा ओलांडताना मधोमध हे थिजले.

पलीकडून बस येत होती. फार वेगात नव्हती. आता शांतपणे आठवलं तर ड्रायव्हरने आम्हाला पाहिलं होतं, तो थांबलाच असता. पण तेव्हा मला फक्त बसचं तोंड दिसत होतं. पायलने सांगितलेलं एक अक्षर आठवलं नाही. मी म्हटलं, "अहो, थांबू नका," आणि तरी ते हलेनात म्हणून जीव खाऊन हात ओढला.

पाय जिथे होते तिथेच राहिले आणि बाकीचे ते माझ्या अंगावर आले. मग खाली.

मंडळाच्या मुलांनी उचललं. एका हवालदाराने खुर्ची आणली. यांच्या कपाळाला खरचटलं होतं आणि उजवं मनगट वेगळ्याच दिशेला होतं. त्याही अवस्थेत ते मला काहीतरी सांगत होते. त्या गोंगाटात ऐकू येईना. मी कान तोंडाजवळ नेला.

"तुला लागलं का?" असं विचारत होते.

मनगट मोडलंय. प्लास्टर घातलंय. मृणालने आम्हाला इकडे आणलं आणि म्हणाली, "आई, आता मोहन्याचं नाव काढायचं नाही." मी काढलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार, बाळकुम

आता मी यांना एक क्षण नजरेआड होऊ देत नाही. सोफ्यावर बसवते, पाठीला उशी, पायाखाली स्टूल. पाणी हातात, गोळी हातात, रिमोट हातात. बाथरूमला जाताना मी पुढे, मृणाल मागे. या घरातल्या फरशा गुळगुळीत आहेत, मला त्यांची भीती वाटते. बाल्कनीची तर विचारूच नका. अठरावा मजला. खाली खाडीकडची झाडं दिसतात, लोकांना ते आवडतं. मी ते सरकतं दार बंदच ठेवते.

वर्ग बुडू नये म्हणून आज मोबाईलवरून घेतला. मृणालने टेबलावर फोन उभा करून दिला. गम् आणि ठा हे दोन धातू शेजारी शेजारी घेतले. मी सांगितलं, 'जगत्' हा शब्द जाण्याच्या धातूपासून आहे, ग चा आवाज दोनदा येतो, पहिल्यांदा ज होऊन, जात जात राहणारं ते जग. आणि गंमत बघा, उभं राहण्याच्या धातूचंही तसंच. नुसता ठा नाही, तिट्ठति. संस्कृतात तिष्ठति. धातू स्वतःलाच दोनदा म्हणतो. जुन्या लोकांना उभं राहणं हे एकदा करून संपणारं काम वाटत नसावं. क्षणाक्षणाला परत करावं लागणारं वाटत असावं. म्हणूनच मराठीत कुणाची वाट बघत ताटकळलं की आपण म्हणतो, तिष्ठत उभी राहिले.

मग सगळ्यांकडून रूपं म्हणवून घेतली. फोनमधून एका सुरात आवाज आला. गच्छामि, गच्छाम. गच्छसि, गच्छथ. गच्छति, गच्छन्ति. पुन्हा. पुन्हा.

मी मान वर केली तर सोफा रिकामा.

प्रशांत उठले होते. प्लास्टरचा हात पोटाशी धरून, गच्छामिला डावा पाय, गच्छामला उजवा, खोली ओलांडत निघाले होते. पाय घासत नव्हते. चक्क उचलत होते. मी त्यांना असं चालताना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. सरळ बाल्कनीच्या दाराकडे.

माझ्या तोंडातून निघालं, "थांबा."

फोनमधले सगळे गप्प झाले. त्यांना वाटलं, मी त्यांना म्हणाले.

प्रशांत दाराच्या दोन पावलं अलीकडे होते. एका पायाची टाच उचललेली, तसेच. मृणाल आतून धावत आली, तिने कसंबसं वळवून सोफ्यावर आणलं. मी वर्गाला सांगितलं, आज इथवरच.

ते पडले नाहीत हे महत्त्वाचं. दार उघडं असतं तर काय झालं असतं, या विचाराने मघापासून दोनदा उठून कडी बघून आले. मृणाल म्हणते दार बंद होतं. असेल. पण उघडं असतं तर?

९ ऑक्टोबर, गुरुवार

चार दिवस प्रशांत माझ्याशी बोलले नाहीत. आज बोलले. मृणालसमोर.

"पालीत ठेवण्याला काय म्हणतात गं?"

मला वाटलं, अभ्यासात गोडी घेतायत. मी म्हटलं, "ठपेति. उभं करणं, ठेवणं. आपलं 'ठेवणं' त्याच घरातलं."

"तेच. तू मला ठेवलंयस."

मृणाल बोलली. "आई, पायल मॅडम काय म्हणाल्या? चालवा. डॉक्टर काय म्हणाले? बसवून ठेवू नका. तू पप्पांना उठूच देत नाहीयेस. महिन्यापूर्वी ते स्वतः बाथरूमला जायचे."

"महिन्यापूर्वी त्यांचं मनगट धड होतं."

"ते कसं मोडलं?"

तिने ते बोलायला नको होतं. बोलून तिलाही वाईट वाटलं, मला जवळ घ्यायला आली. मी स्वयंपाकघरात गेले. भाजी चिरताना विचार करत होते, हे दोघं का समजून घेत नाहीत. मी काय माझ्यासाठी करतेय? मला कोण आहे यांच्याशिवाय? वर्गात मी अनिच्च समजावते, सगळं बदलतं, काहीच टिकत नाही. ते खरंच आहे. पण खरं आहे म्हणून काय हात सोडून द्यायचा?

संध्याकाळी व्हिडिओवर पायलने व्यायाम घेतले. मी दारात उभी राहून पाहिलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही खाली गार्डनमध्ये जाता की नाही?" प्रशांत माझ्याकडे बघून म्हणाले, "विचारून सांगतो." ती हसली. मलाही हसू आलं, पण ते हसत नव्हते. आता त्यांचा चेहरा तसाच असतो, त्यामुळे कळत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आधी हे लिहिते की प्रशांत सुखरूप आहेत. आत झोपलेत.

मोहन्याहून गरम कपडे आणि यांच्या जुन्या तपासण्यांचे कागद आणायचे होते. मृणाल ऑफिसला. यांना जेवायला वाढलं, सोफ्यावर बसवलं, फोन मांडीवर ठेवला, दार उघडायचं नाही म्हणून बजावलं. चपला कपाटावर टाकून ठेवल्या, उगीच मोह नको. मोहन्यात हौसाबाईने चहा केला, विहारातल्या दोघी भेटल्या, म्हणाल्या वर्ग कधी, मोबाईलवर मजा येत नाही. तिथे थोडी रेंगाळले हे खरं. त्या गल्लीत आल्यावर महिन्याभरात पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला.

चार-साडेचारला बाळकुमला पोचले. किल्लीने दार उघडलं. टीव्ही चालू. सोफ्यावर उशी. माणूस नाही.

बाथरूम पाहिलं. आतली खोली पाहिली. मग बाल्कनी. सरकतं दार अर्धवट उघडं होतं. तिथपर्यंत माझी मी कशी गेले मला माहीत नाही. कठड्याला धरून खाली पाहिलं तेव्हा डोळ्यांसमोर फक्त पांढरं दिसत होतं. मग हळूहळू झाडं दिसली, गाड्यांची टपं दिसली, झोपाळ्यावरची मुलं दिसली. बाकी काही नव्हतं. मी तिथेच खाली बसले आणि मोठ्याने रडले.

उठून पाहिलं तर दाराजवळचे जावयाचे पळायचे बूट नव्हते.

लिफ्ट येईना म्हणून चार मजले जिन्याने उतरले, मग लिफ्ट मिळाली. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "काका मघाशी बाहेर गेले. एकटेच. हळूहळू." मी म्हटलं, जाऊ कसं दिलंत? तो गोंधळला. म्हणाला, "मॅडम, त्यांनी मला हात केला, नमस्कार केला. मी कसं अडवणार?"

बाहेरचा रस्ता म्हणजे मेट्रोच्या कामाचे पत्रे, खड्डे, सिमेंटच्या गाड्या. मी धावत सुटले. या वयात, साडीत. प्रत्येक वळणावर मला कोपऱ्यात जमलेली माणसं दिसतील असं वाटत होतं. एके ठिकाणी खरंच चारजण उभे होते. जवळ गेले तर वडापावची गाडी.

त्याच्या पुढे, पत्र्यांच्या कडेला, प्रशांत उभे होते. डावा हात पत्र्यावर, प्लास्टरचा गळ्यात. पायांत जावयाचे निळे बूट, नाडी सुटलेली. मागून सिमेंटची गाडी धूळ उडवत गेली, त्यांनी मान वळवली नाही. वडापाववाला म्हणाला, "बराच वेळ झाला ओ, असेच आहेत. मी स्टूल दिलं, नको म्हणाले."

मी जाऊन दंडाला धरायला हात पुढे केला.

"हात लावू नको," ते म्हणाले. आवाज बारीक, पण स्वच्छ. "लावलास की सगळं पहिल्यापासून करावं लागतं."

मी हात मागे घेतला. "किती वेळ असे उभे आहात?"

"उभा नाहीये. निघालोय."

"अहो, पण…"

"ऐक. बाहेरून तुला थांबलेलो दिसतो. आत केवढी धावपळ चालू असते तुला माहितीये? उचल, उचल, उचल. कंपनीत पट्टा अडकला की मशीन बंद पडल्यासारखं वाटायचं. नवा माणूस धावत जाऊन बटण दाबायचा. मी सांगायचो, हात लावू नको, कान लाव. मोटर चालू असायची." इतकं बोलून त्यांना दम लागला. थोड्या वेळाने म्हणाले, "एवढंच. मोटर चालू आहे."

माझे डोळे वाहत होते आणि पुसायला पदर सापडत नव्हता. मी म्हटलं, "मला भीती वाटते हो. रोज वाटते. सकाळी डोळे उघडायच्या आधी वाटते."

"मला नाही का वाटत? आधी पडायची वाटायची. आता त्या सोफ्याची वाटते."

आम्ही दोघं तसेच. रस्त्याने जाणारे बघत होते. एका बाईने विचारलं, काही मदत हवी का. मी नको म्हटलं. हे सगळं वाढत जाणार, डॉक्टरांनी सांगितलंय. एक दिवस ताल देऊनही पाय ऐकणार नाहीत. तो दिवस कधी येईल ते कुणी सांगत नाही. मला वाटतं, यांनाही ते सगळं ठाऊक आहे. तरी नाडी सुटलेले बूट घालून माणूस अठरा मजले उतरून आला.

"रविवारी मोहन्याला जात जा," ते मधेच म्हणाले. "वर्ग तिथे घे. मोबाईलवर नको."

"तुम्हाला सोडून?"

"मृणाल असते रविवारी. आणि मी इथे चालेन. माझं निमित्त करून तू घरात बसू नको, शालन."

निमित्त कसलं, मला कळलं नाही. मी काही निमित्त करत नव्हते. पण तेव्हा वाद घालायची वेळ नव्हती.

मग त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज येत नव्हता, पण मी वाचू शकले. गच्छामि, गच्छाम. अंग जरासं डावीकडे गेलं, जरासं उजवीकडे. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मी श्वास धरून होते. आणि डावा बूट उचलला गेला, खड्ड्याच्या कडेवरून पलीकडे पडला. मग उजवा. मग पुन्हा डावा. पत्र्यावरचा हात सुटला. ते चालू लागले, गेटकडे, न घासता, ओठ हलवत. धुळीतून त्यांची पाठ लांब लांब जाताना मी पाहत होते.

बरंच पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं की शेजारी कुणी नाही. ते वळले. वळणं त्यांना सगळ्यात अवघड जातं, छोटी छोटी कितीतरी पावलं घ्यावी लागतात, जसं घड्याळाच्या काट्याने एकेक घर पुढे जावं. पूर्ण वळून माझ्याकडे तोंड केलं. चेहरा तसाच, एक रेघ हलली नाही.

"येतेस ना?"

"आले," मी म्हटलं.

म्हटलं खरं. वडापाववाला माझ्याकडे बघत होता, गाड्या जात होत्या, प्रशांत तिकडे वाट बघत उभे होते, आणि मी कितीतरी वेळ होते तिथेच होते. पाय उचललेच जाईनात. इतकं धावल्यावर दमले असेन.